खोक्यावर नाव कुणाचं?

भाकरी थापता थापता, शेळ्यांना पाला टाकता टाकता ज्या ज्या ऐकत असतील, त्या सगळ्यांना आमच्या बचत गटाचा रामराम. आज आम्ही आमचीच एक चूक सांगायला आलो आहोत. सांगताना लाज वाटते. पण यात्रांचे दिवस तोंडावर आलेत आणि तीच चूक दुसऱ्या गटाने करू नये, म्हणून बोलायचं ठरवलं.

गेल्या वर्षी गावच्या यात्रेत दुकान लावायचं आमच्या मनात आलं. पापड, शेवया, लोणची सगळेच गट विकतात. मग म्हटलं, आपण खेळणी ठेवू. आमच्यातल्या दोघी शहरातल्या होलसेल बाजारात गेल्या आणि १२ हजारांचा माल घेऊन आल्या. पैसे गटाचेच, अंतर्गत कर्जातले. पोटात दिवा लागणारे बेडूक, रिमोटच्या गाड्या, लालभडक डमरू, लोहचुंबकाचे ठोकळे. दुकानदार म्हणाला, "इम्पोर्टेड माल आहे ताई, हातोहात जाईल." पावती म्हणून हाताने लिहिलेली एक चिठ्ठी दिली. आम्ही खूश.

यात्रेच्या दोन दिवस आधी बैठक होती. एकीची दोन वर्षांची नात खोक्याजवळ खेळत होती. तिने बेडकाच्या पोटावरचं झाकण नखाने उघडलं आणि आतली चपटी, चकचकीत बॅटरी तोंडाकडे नेली. आमच्या गटातल्या अंगणवाडी सेविका ताईंनी झडप घालून तिचा हात धरला, म्हणून निभावलं.

ताईंनी मग सांगितलं ते ऐकून आमच्या पोटात गोळा आला. बटणासारखी ही बॅटरी लेकराच्या अन्ननलिकेत अडकली, तर दोन तासांत आतून भाजायला लागते. अशी वेळ आलीच, तर ओकारी काढायला लावू नका, केळ-भाकरी खायला घालू नका, एक्स-रेची सोय असलेल्या दवाखान्यात तडक न्या. चुंबकाचंही तसंच. दोन चुंबक गिळले, तर पोटात ते एकमेकांना ओढतात, मध्ये आतडं सापडतं आणि त्याला भोक पडू शकतं. आणि डमरूचा लाल रंग? स्वस्त रंगात शिसं असू शकतं. मूल ते चाटतं, चावतं. शिसं मेंदूच्या वाढीवर घाला घालतं. त्याचं अमुक एक प्रमाण चालतं असं नाहीच, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

आम्ही खोकी उलटीपालटी करून पाहिली. काहींवर परदेशी लिपीतली अक्षरं होती, काहींवर काहीच नाही. कुणी बनवलं, कुणी आणलं, तक्रार कुठे करायची, एक शब्द नाही.

बैठकीत दोन तट पडले. "सगळ्यांच्या दुकानात हाच माल असतो. आपणच का हरिश्चंद्र व्हायचं?" असं काहीजणींचं म्हणणं. गटाचे १२ हजार म्हणजे काय, हे आम्हाला कुणी सांगायला नको. तेवढ्यात एकीच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीने मोबाईलवर कायदा शोधून वाचून दाखवला.

मैत्रिणींनो, तो तुम्हीही ऐका. १ जानेवारी २०२१ पासून आपल्या देशात १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. माल इथला असो वा बाहेरचा. परदेशातल्या कारखान्यालाही भारतीय मानक ब्यूरोचा परवाना घ्यावाच लागतो. आणि कायदा फक्त बनवणाऱ्याला आणि आयात करणाऱ्याला धरत नाही. विकणारा, साठवणारा, विकायला मांडून ठेवणारासुद्धा त्यात येतो. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान दोन लाखांचा दंड होऊ शकतो. म्हणजे यात्रेत चादर अंथरून बसलेल्या आम्हीसुद्धा त्यात आलो. तोपर्यंत आम्हाला वाटत होतं, आपण गिऱ्हाईक. त्या दिवशी कळलं, आपण दुकानदार आहोत.

ही सक्ती उगाच आली नाही. २०१९ साली भारतीय गुणवत्ता परिषदेने आयात खेळण्यांचे १२१ नमुने तपासले, तर साधारण ६७ टक्के नापास झाले. कुणाच्या कडा धारदार, कुणाचे तुकडे सुटे होणारे, तर कुणात घातक रसायनं.

आता कुणी म्हणेल, चिनी माल म्हणजे असाच. आम्हीही तेच म्हणत होतो. पण थोडी माहिती काढली, तेव्हा गोष्ट एवढी सोपी नाही हे कळलं. २००७ साली मॅटेल या अमेरिकेच्या मोठ्या कंपनीने चीनमध्ये बनवून घेतलेली लाखो खेळणी परत मागवली. काहींच्या रंगात शिसं होतं. मोठी कंपनी काम एका कारखान्याला देते, तो रंग दुसऱ्याकडून घेतो, दुसरा तिसऱ्याकडून. वरून भाव पाडला जातो आणि खाली कुणीतरी स्वस्त रंग वापरतो. पण परत मागवलेल्या खेळण्यांपैकी बरीचशी सुटणाऱ्या चुंबकांमुळे मागवली होती आणि त्यांची घडण कंपनीनेच ठरवली होती. शेवटी कंपनीने चीनची माफी मागितली आणि यातला बराचसा दोष आमच्या आराखड्याचा होता, हे कबूल केलं. पुढच्याच वर्षी अमेरिकेने मुलांच्या वस्तूंसाठी कडक कायदा केला. म्हणजे तिकडेही तपासणी आपोआप आली नाही. लेकरांवर बेतलं, आयाबाप बोलले, तेव्हा आली.

आणि आपणही कुणासाठी तरी परदेशच आहोत की. २०२२ साली आफ्रिकेतल्या गांबिया देशात लहान मुलं दगावली, साधारण ७०. हरियाणात बनलेल्या चार औषधांत विषारी रसायन सापडलं, असा इशारा जागतिक आरोग्य संघटनेने दिला. कंपनीने आरोप नाकारला. पण १ जून २०२३ पासून खोकल्याचं औषध परदेशी पाठवण्याआधी त्याची तपासणी आपल्या सरकारने सक्तीची केली. गांबियातल्या आईने बाटलीवर आपल्या देशाचं नाव वाचलं असेल, तेव्हा तिला काय वाटलं असेल? जिथे कारखाने भराभर उभे राहतात आणि तपासणी मागे राहते, तिथे हे घडतं. म्हणून कोणत्या देशाचा माल एवढंच विचारून भागत नाही. याला तपासलं कुणी आणि जबाबदार कोण, हे विचारायचं.

ते विचारायचं कसं? खेळणं हातात घेतलं की आधी आयएसआय चिन्ह बघा. चिन्हाच्या वर आयएस आणि पुढे क्रमांक असतो. साध्या खेळण्याला ९८७३, विजेच्या किंवा बॅटरीच्या खेळण्याला १५६४४. चिन्हाखाली सीएम/एल लिहून परवान्याचा आकडा असतो. नुसतं चिन्ह कुणीही छापू शकतं, म्हणून तो आकडा मोबाईलमधल्या बीआयएस केअर ॲपवर टाका. परवाना खरा असेल तर कारखान्याचं नाव येतं. आयात वस्तूच्या खोक्यावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, कोणत्या देशात बनली, महिना-वर्ष, एमआरपी आणि तक्रारीचा नंबर असायलाच हवा. बॅटरीचं झाकण स्क्रूने बंद आहे का, तेही बघा. आणि पक्कं बिल घ्या. तक्रारीसाठी ग्राहक हेल्पलाईन आहे, नंबर १९१५.

आपल्यापैकी काही गट कापडी बाहुल्या शिवतात. हा नियम इथल्या मालालाही आहे. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांना सूट आहे. म्हणून विक्रीला बसण्याआधी नोंदणीची चौकशी करा आणि बाहुलीचे डोळे मणी लावून नव्हे, दोऱ्याने भरून काढा.

आमच्या मालाचं काय झालं? पाचजणी त्या दुकानदाराकडे गेलो. पक्कं बिल नव्हतं, त्यामुळे जोर चालेना. बराच वेळ हुज्जत घातल्यावर तो निम्मे पैसे द्यायला तयार झाला. आमच्यातल्या एकीने विचारलं, "परत घेऊन काय करणार?" तो म्हणाला, "दुसरं गिऱ्हाईक बघेन." ते दुसरं गिऱ्हाईक म्हणजे शेजारच्या गावातला एखादा गटच असणार. आम्ही खोकं उचललं आणि घरी आलो.

गटात आम्ही दहाजणी. प्रत्येकीने महिन्याला १०० रुपये भरून ते कर्ज फेडतोय. अजून दोन हप्ते बाकी आहेत. दोघी अजूनही म्हणतात, निम्मे तरी घ्यायला हवे होते. त्यांचं चुकलं असं आम्ही म्हणणार नाही. १०० रुपयांसाठी उन्हात किती खुरपावं लागतं, ते आम्हालाही ठाऊक आहे.

बॅटऱ्या काढून ते खोकं कपाटात कुलूपबंद ठेवलंय. नवीन गटांच्या प्रशिक्षणाला बाहेर काढतो आणि एकेक खेळणं हातात देऊन विचारतो, "सांगा ताई, यावर नाव कुणाचं आहे?" यंदाच्या यात्रेत तुम्ही दुकान लावा, नाहीतर लेकराचा हात धरून दुकानापुढे उभ्या राहा, हाच प्रश्न विचारा. नाव नसेल, तर ते खेळणं खाली ठेवा.

रामराम.