ट्रॉलीचा ब्रेक शेतातच तपासा

हंगाम आला की पिंगळी आणि आसपासच्या गावांतून कापूस, सोयाबीन परभणीच्या बाजारात निघते, उसाच्या ट्रॉल्या कारखान्याकडे लागतात. इंजिनाचे तेल-पाणी आपण रोज बघतो. ट्रॉलीच्या ब्रेककडे मात्र कुणाचे लक्ष जात नाही.

उतारावर भरलेली गाडी बैलांच्या अंगावर येते, हे तुम्हांला सांगायला नको. ट्रॅक्टरचेही तसेच आहे. पुढे दोन टनांचा ट्रॅक्टर, मागे पाच टनांची ट्रॉली. ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक नसेल तर ती ट्रॅक्टरला पुढे रेटते आणि वळणावर उलथवूही शकते. शिवाय वेग दुप्पट झाला की ब्रेक दाबल्यावर थांबायला सुमारे चौपट अंतर लागते.

काही ट्रॉल्यांना संकटकाळचा ब्रेक असतो. पिन तुटून ट्रॉली सुटली, तर ट्रॅक्टरला बांधलेली दोरी ताणली जाते आणि ट्रॉलीचा ब्रेक आपोआप लागतो. अडचण अशी, की रस्त्यावर आरटीओच्या निरीक्षकांनी गाडी थांबवली तरी हा ब्रेक चालवून बघता येत नाही. त्यासाठी भरलेली ट्रॉली रहदारीत सोडावी लागेल. मग ते दोरी, साखळी, दांडे, तेलाची गळती डोळ्यांनी बघतात आणि जाऊ देतात. जाऊ दिले म्हणजे ब्रेक चालतो, असे समजू नका.

मोटार वाहन कायदा, 1988 याचे कलम 190 धोकादायक दोष असलेले वाहन किंवा ट्रेलर रस्त्यावर आणण्याबद्दल आहे. साधी काळजी घेतली असती तर दोष कळला असता, अशा वेळी ‘मला ठाऊक नव्हते’ ही सबब चालत नाही. चालवणारा जबाबदार, तसा चालवायला देणारा मालकही जबाबदार.

म्हणून हंगामाच्या आधी सपाट, मोकळ्या जागी, ट्रॉली रिकामी असताना हे करा :

1) दोरी ट्रॅक्टरच्या सांगाड्याला पक्की बांधलेली आहे ना, बघा. पिनेलाच बांधली असेल तर पिनेबरोबर तीही जाईल. वळताना ती ताणू नये, जमिनीवरही घासू नये.

2) ट्रॉली जोडलेलीच ठेवा. बाजूला उभे राहून दोरी हाताने ओढा, ब्रेक लागू द्या. मग सर्वांना दूर करून ट्रॅक्टर पहिल्या गिअरमध्ये सावकाश पुढे घ्या. ब्रेक असलेली चाके दोन्ही बाजूंना सारखी अडली पाहिजेत. एक अडले, दुसरे मोकळे फिरले, तर मेकॅनिक गाठा.

3) दोरी सैल करून ब्रेक पूर्ण सुटतो का, तेही पाहा. काळ्या मातीचा चिखल ड्रममध्ये वाळला की ब्रेक धरून बसतो किंवा लागतच नाही.

4) पिनेची खीळ आणि सुरक्षेची साखळी रोज निघताना बघा. रस्त्यावर ट्रॅक्टरचे डावे-उजवे ब्रेक पेडल एकमेकांना अडकवलेले असावेत.

5) तपासणीची तारीख वहीत लिहा. निरीक्षकांनी विचारले तर जे केले तेवढेच सांगा.

भरलेल्या ट्रॉलीची पिन रस्त्यावर किंवा उतारावर काढून ब्रेक बघू नका. थांबवले की गाडी कडेला घ्या, हातब्रेक ओढा आणि चाकांना दगड लावा.

आपल्याकडच्या पुष्कळ ट्रॉल्यांना ब्रेकच नाही. तो चांगल्या कारागिराकडून बसवून घ्या. उतार लागण्याआधीच खालचा गिअर टाका; डिझेल वाचवायला न्यूट्रल कधीही करू नका.

ब्रेकला खर्च येतो खरा. पण सुटलेल्या ट्रॉलीपुढे कुणाचे तरी लेकरू असू शकते, हे विसरू नका. एक सकाळ काढा आणि ब्रेक बघून घ्या.