सात टक्के कशाचे?



संशोधन-निबंध कसा वाचावा हे मला कोणी शिकवले नाही. पगारवाढीच्या वाटाघाटींत मालकाचा ताळेबंद वाचता वाचता जी सवय जडली, तीच पुढे कामी आली. ताळेबंदात नफ्याचा आकडा किती, यापेक्षा तो काढला कसा, हे आधी पाहावे. आज तीच रीत मी आमच्याच बाजूच्या एका निबंधाला लावणार आहे.

रुग्णालयांत परिचारिका वाढवा, अशी मागणी करणाऱ्या संघटना देशोदेशी ज्याचा हवाला देतात, तो हा निबंध. लिंडा एकन व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २००२ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. पेनसिल्व्हेनियातील १६८ रुग्णालये, १०,१८४ परिचारिका आणि शस्त्रक्रिया झालेले २,३२,३४२ रुग्ण. निष्कर्ष असा की, एका परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला, की तीस दिवसांत रुग्ण दगावण्याचा संभव ७ टक्क्यांनी वाढतो.

सभेत हा आकडा उच्चारला की टाळी पडते. पण सात टक्के कशाचे? त्या रुग्णांपैकी दगावले सुमारे २ टक्के, म्हणजे हजारी वीस. त्या विसाचे सात टक्के म्हणजे दीडसुद्धा नाही. ‘शंभरात सात माणसे जास्त मेली’ असे जो वक्ता ठोकून देतो, तो व्यवस्थापनाच्या वकिलाच्या हाती आयते कोलीत देतो. आणि खरा आकडा तरी कुठे लहान आहे? चारांच्या जागी आठ रुग्ण दिले की वाढ ३१ टक्के निघते. सव्वादोन लाख रुग्णांच्या हिशेबात ती माणसे हजारावर जातात.

आता मोजणीकडे या. परिचारिकांना विचारले, मागच्या पाळीत तुमच्याकडे रुग्ण किती होते? उत्तरे आली निम्म्यांच्या आसपास. त्यावरून रुग्णालयाची सरासरी धरली. अमुक रुग्ण गेला त्या रात्री वॉर्डात कितीजणी होत्या, हे त्यातून कळत नाही.

खरी मेख मात्र पुढेच आहे. जिथे परिचारिका पुरेशा, तिथे इतरही व्यवस्था चांगली असू शकते. मग श्रेय कोणाचे? रुग्णालयाचा आकार, तेथील तंत्रसामग्री, रुग्णांचे वय व आजार लेखकांनी हिशेबात धरले, हे खरे. पण जे मोजलेच नाही ते हिशेबात कसे येणार? एका काळाच्या पाहणीतून कारण सिद्ध होत नाही.

ती उणीव बरीचशी भरून निघाली ऑस्ट्रेलियात. क्वीन्सलंडने २०१६ साली काही सरकारी रुग्णालयांत हे प्रमाण कायद्याने बांधले. कायद्याखालची २७ आणि बाहेरची २८ रुग्णालये, आधी आणि नंतर, अशी तुलना २०२१ साली ‘लॅन्सेट’मध्ये आली. कायद्याखालच्या रुग्णालयांत मृत्यूचा संभव घटला, बाहेरच्यांत घटला नाही. लेखकांत एकनबाई होत्याच, तेव्हा साक्षीदार अगदी परका नव्हे. शिवाय रुग्णालये चिठ्ठ्या टाकून निवडलेली नव्हती. तरी साक्ष पहिलीपेक्षा भक्कम.

आपल्या सरकारी इस्पितळांत सलाइनची बाटली संपत आली, हे सांगायला नातेवाईक धावतो. रुग्णाला कुशीवर वळवतोही तोच. पेनसिल्व्हेनियाच्या हिशेबात ह्या माणसाला रकाना नाही. म्हणून तो सात टक्क्यांचा आकडा इथल्या मागणीपत्रात जसाच्या तसा घालू नका, असे मी सहकाऱ्यांना सांगतो. त्याऐवजी महिन्याभराचा हजेरीपट, पाळ्यांची यादी आणि दाखल रुग्णांची नोंदवही शेजारी शेजारी मांडा. हे कागद इस्पितळाच्याच कपाटात असतात, आणि ते मागण्यासाठी २००५ चा माहितीच्या अधिकाराचा कायदा आहे. अर्ज मात्र रात्रपाळीचा वेगळा करा. दिवसाच्या सरासरीत रात्र बुडून जाते.