वाडीवर एक वकील हवा

(दापोली येथे हितचिंतकांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपण कातकरी वाड्यांवर औषधे नेतो, वह्या-पुस्तके नेतो, पावसाळ्यापूर्वी ताडपत्र्या नेतो. ते चालूच राहील. आज मी वेगळी मागणी घेऊन उभी आहे. आपल्याला कायद्याची पदवी नुकतीच घेतलेला एक तरुण किंवा तरुणी हवी आहे, पुरत्या दोन वर्षांसाठी, आणि त्यांच्या मानधनाची सोय आपण करायची आहे.

कुणी विचारील, आदिवासींना सरकारी वकील फुकट मिळतो ना? मिळतो. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे अनुसूचित जमातीच्या माणसाला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. पण त्यासाठी आधी कोर्टाच्या पायरीपर्यंत यावे लागते, आणि आपल्यावर झाले ते कायद्याने चूक आहे हे ठाऊक असावे लागते. गाडे तिथेच अडते.

दिवाळी झाली की वाड्या रिकाम्या होतात, हे तुम्ही पाहिले आहे. मुकादम उचल देतो, कुटुंबच्या कुटुंब वीटभट्टीवर नाहीतर कोळशाच्या भट्टीवर जाते. पावसाच्या तोंडावर हिशेब होतो, तोही मालकाच्या वहीत. फिटले नाही, पुढच्या साली पुन्हा या.

मागे अशाच एका बाईचा मला फोन आला. "ताई, आम्हाला सोडत नाहीत." ईश्वरविज्ञानाच्या पदविकेत याचा धडा नव्हता. मी एका कार्यालयात गेले. उत्तर मिळाले, हा देण्याघेण्याचा व्यवहार आहे, आपसात मिटवा. तेव्हा मुंबईत वकिली सुरू केलेला एक मुलगा सुट्टीला गावी आला होता. त्याने दोन पानांचा अर्ज लिहिला आणि पोच घेतल्याशिवाय तिथून हलला नाही. आठव्या दिवशी कुटुंब घरी आले.

त्या अर्जात नवे काहीच नव्हते. वेठबिगार पद्धत निर्मूलन कायदा १९७६ सालचा. त्याने असे कर्जच रद्द होते. कर्ज वेठबिगारीचे आहे असे मजुराने म्हटले, तर ते तसे नाही हे सिद्ध करणे मालकाच्या माथी येते. १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने तर किमान वेतनापेक्षा कमी मजुरीत राबवणे हीसुद्धा सक्तीची मजुरीच ठरवली. हे सगळे आपल्या बाजूचे आहे, पण वाडीवर ते सांगणारे कोणी नाही.

आणि कुटुंब घरी आले म्हणजे काम झाले असेही नाही. प्रशासनाकडून मुक्ती प्रमाणपत्र मिळवावे लागते. त्यावर तातडीची मदत तीस हजार रुपयांपर्यंत आहे. पुढे पुनर्वसनासाठी पुरुषाला एक लाख, स्त्री किंवा बालकाला दोन लाख, अतिशय गंभीर प्रकरणात तीन लाख. पण ही मोठी रक्कम बऱ्याच अंशी खटल्याच्या निकालाशी जोडलेली आहे. खटला म्हणजे तारखा. आपल्या मुलाची सुट्टी संपली, तो मुंबईला परतला. त्या बाईचे प्रमाणपत्र अजून झालेले नाही. म्हणून मी दोन वर्षे म्हणते.

महाडच्या चवदार तळ्याचे उदाहरण घ्या. सत्याग्रह १९२७ सालचा, आपण सगळे तो जाणतो. त्यानंतरचा दावा मात्र कमी लोकांना आठवतो. त्याच वर्षाच्या डिसेंबरात तो दाखल झाला आणि मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल १७ मार्च १९३७ रोजी लागला. बालपणी काही काळ आपल्या याच दापोली कॅम्पात राहिलेले बाबासाहेब स्वतः बॅरिस्टर होते आणि त्यांनी तो शेवटपर्यंत नेला. पाण्याच्या एका ओंजळीला कोर्टात नऊ वर्षे लागली.

तरुण वकिलांना मानधन देऊन गरिबांमध्ये पाठवणे ही कल्पना काही माझी नव्हे. अमेरिकेत १९६७ पासून रेजिनाल्ड हेबर स्मिथ यांच्या नावाने अशी फेलोशिप चालली. नुकतेच पदवीधर झालेले वकील गरीब वस्त्यांतल्या कायदा-मदत केंद्रांत काम करीत. आपल्याकडे येरवडा आणि नागपूरच्या कारागृहांत कच्च्या कैद्यांसाठी तरुण वकील आणि समाजकार्याचे पदवीधर असेच फेलो म्हणून काम करीत आले आहेत. वाडीवर असे कोणी नाही.

काम मात्र ढीगभर आहे. जातीच्या दाखल्याला १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. ज्याचा आजा शाळेत गेला नाही, ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, त्याने तो कुठून आणायचा? वनहक्क कायदा २००६ सालचा. त्यात कातकऱ्यांसारख्या विशेष असुरक्षित जमातींना वस्तिस्थानाचा वेगळा हक्क आहे. तो शब्द वाडीवर किती जणांनी ऐकला असेल? २०२२ साली इगतपुरी तालुक्यातली कातकरी मुले थोड्या पैशांसाठी मेंढपाळांकडे राबायला दिल्याचे उघडकीस आले, तेही एक मुलगी दगावल्यावर. ते नाशिक जिल्ह्यातले म्हणून आपण निश्चिंत राहू नये.

आता पैशाचे. भारतीय विधिज्ञ परिषदेने २०२४ मध्ये सुचवले की ग्रामीण भागात कनिष्ठ वकिलाला महिना निदान पंधरा हजार मिळावेत. सूचनाच आहे, सक्ती नाही, आणि पुष्कळांना त्याच्या निम्मेही मिळत नाहीत. आपण पंधरा हजार देऊ, प्रवासखर्च वेगळा. वर्षाचे मानधन एक लाख ऐंशी हजार होते. साठ कुटुंबांनी महिना अडीचशे दिले तर ते भागते.

उमेदवार कोणत्या धर्माचा, हे मी विचारणार नाही. वाडीवर मुक्काम करता येतो का आणि कचेरीत पोच मागताना आवाज खाली जात नाही ना, एवढेच पाहीन. मुलगी मिळाली तर फारच बरे, कारण भट्टीवरच्या बायका पुरुषापुढे अर्धेच बोलतात.

राहायला दापोलीत एक खोली लागेल, बसस्थानकापासून चालत जाण्याजोगी. कुणाची रिकामी असेल तर चहाच्या वेळी मला भेटा. जुनी चालती दुचाकीही चालेल. कागदपत्रे मात्र पूर्ण हवीत, वकिलाला द्यायची आहे.