आधी वाचून दाखवा, मग अंगठा

(कायदासाथी शिबिराच्या शेवटच्या दिवशी संघटनेच्या एका जुन्या कार्यकर्तीने केलेलं भाषण. टेपवरून उतरवून घेतलं आहे, बोलणं होतं तसंच ठेवलं आहे. ज्या पाड्यांवरून कोणाला शिबिराला येता आलं नाही, तिथे हा अंक बैठकीत मोठ्याने वाचावा.)



चार दिवस तुम्ही कलमं ऐकलीत, वह्या भरल्यात. मी आणखी कलमं सांगत बसणार नाही. पहिल्या दिवशी मागच्या रांगेतल्या एका पोराने विचारलं, "ताई, हे शिकून नोकरी लागते का?" सगळे हसले. मला नाही हसू आलं. प्रश्न बरोबर आहे. दहावी-बारावी होऊन घरी बसलेला पोरगा वीटभट्टीवर जायचं, रेतीवर जायचं का इथे यायचं, हे बघणारच. त्याला उत्तर देणार आहे. पण आधी माझ्या बापाची गोष्ट सांगते, मग उत्तर नीट कळेल.

आमची तीन एकर भाताची जमीन होती. एका पावसाळ्यात बापाने दोन पोती भात खावटीला घेतला. त्याचा कागद झाला, मग फेरफार झाला, आणि सातबाऱ्यावर दुसऱ्याचं नाव लागलं. जमीन आम्हीच कसायचो, पण मजूर म्हणून. मग १९७४ चा कायदा आला, आदिवासींच्या जमिनी परत देण्याचा. १ नोव्हेंबर १९७५ पासून लागू झाला. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे गेली असेल, तर ती परत. अट अशी, की आदिवासीने सांगायचं, मी स्वतः कसेन आणि ठरलेली रक्कम भरेन.

आता ही रक्कम किती? पाटीवर लिहा. सातबाऱ्यावर 'आकार' असतो बघा, त्याच्या ४८ पट, किंवा घेणाऱ्याने जी किंमत दिली असेल ती, यातलं जे कमी असेल ते. वर त्याने जमिनीत काही सुधारणा केली असेल तर तिची किंमत. आमचा आकार होता अडीच रुपये. करा गुणाकार. एकशेवीस. आणि तेसुद्धा जास्तीत जास्त बारा वर्षांच्या हप्त्यांत भरता येतात. म्हणजे वर्षाला दहा रुपये आणि थोडं व्याज. सुधारणा म्हणाल तर एक दगड इकडचा तिकडे केला नव्हता.

बापाला तारीख आली. मी चौथीत होते, भाकरी घेऊन त्याच्याबरोबर गेले. कचेरीच्या दारात शिपायाने मला अडवलं, "पोरीला बाहेर बसव." बाप आत गेला. आत सावकार खुर्चीवर बसलेला, बाप उभा. कारकुनाने सांगितलं, हजारो रुपये भरावे लागतील, भरतोस का? बाप म्हणाला, एवढे कुठून आणू? झालं. जबाब लिहिला, अंगठा घेतला. दहा मिनिटांत बाहेर आला. मला म्हणाला, "पुढची तारीख देतील."

पुढची तारीख आलीच नाही. पुष्कळ महिन्यांनी आमच्या गुरुजींनी कागद वाचून दाखवला. लिहिलं होतं, 'जमीन स्वतः कसण्याची माझी इच्छा नाही. रक्कम भरण्याची ऐपत नाही. जमीन परत नको.' खाली बापाचा अंगठा. अपिलाची मुदत केव्हाच संपली होती. मला तेव्हा वाचता येत होतं, आणि मी भिंतीच्या पलीकडे बसले होते.

याच कायद्यात ९अ कलम आहे. यातल्या कामात कोणत्याही बाजूने वकील उभा राहायचा नाही. कारण साधं. वकील कोणाला परवडणार? सावकाराला. कलमाविरुद्ध सुप्रीम कोर्टापर्यंत लोक गेले, आणि १९८४ च्या डिसेंबरात कोर्टाने कायदाही कायम केला आणि हे कलमही. मी म्हणते चांगलंच केलं. पण बापाच्या केसमध्ये काय झालं बघा. वकील नव्हता, तरी समोरच्याची तलाठ्यापासून सगळ्यांशी ओळख होती. बापाच्या शेजारी कोणीच नव्हतं. "थांबा साहेब, आकार अडीच रुपये आहे" एवढं म्हणणारं माणूस हवं होतं. चौथीचा गुणाकार येणारं.

कायदासाथी म्हणजे ते माणूस. शहरात याला पॅरालीगल म्हणतात, तिथे वकिलाच्या ऑफिसात बसून फाईली तयार करतात. आपण कोर्टात वकील म्हणून उभं राहू शकत नाही, त्याला सनद लागते, १९६१ चा अॅडव्होकेट कायदा आहे. खोटा रुबाब करायचा नाही. कोर्टाची केस असेल तर तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा. १९८७ च्या कायद्याप्रमाणे आदिवासीला वकील फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असो. बाईलाही मिळतो. पण आपल्या माणसाचं निम्मं भांडण कोर्टात पोचायच्या आधीच हरलेलं असतं. तलाठ्याकडे, रेंजच्या ऑफिसात, कुठल्यातरी टेबलावर अंगठा उठवताना. तिथे तुमचं काम.

आता वनहक्काचं. २००६ चा कायदा, २००८ च्या १ जानेवारीला नियम आले, आणि सगळ्या पाड्यांवर दावे भरायची घाई उडाली. मी तीसेक पाड्यांवरचे दावे बघितले. तुमच्याआधी ज्यांना शिकवलं त्यांनी भरलेले, म्हणजे आमच्याच. काय सापडलं ते सांगते.

नमुना 'अ' मध्ये दुसऱ्या नंबरावर नवऱ्याचं किंवा बायकोचं नाव विचारलंय. कितीतरी अर्जांत ते कोरं. विचारलं तर पोरगा म्हणतो, "काकीचं नाव माहीत नव्हतं." अरे, ती काकी चुलीपाशीच बसली होती ना! कायद्याचं कलम ४(४) सांगतं, लग्न झालेलं असेल तर पट्टा दोघांच्या नावावर. नाव न विचारता तू पुढे गेलास, तर तिचा हक्क आपल्याच माणसाने खोडला.

दुसरं, म्हाताऱ्यांचे जबाब. दावेदार सोडून दुसऱ्या वडीलधाऱ्या माणसाचं सांगणं लिहून काढलं, तर नियम १३ प्रमाणे तो पुरावा आहे. तलाठ्याच्या कागदासारखाच पुरावा. पण एका पाड्यावर चाळीस दाव्यांना एकच जबाब जोडलेला, झेरॉक्स काढून, फक्त नावं बदललेली. 'सदर जमीन वडिलोपार्जित काळापासून कब्जेवहिवाटीत आहे.' कुठली आजी असं बोलते? साहेब एक वाचेल, दुसरा वाचेल, तिसऱ्याला सगळा गठ्ठा बाजूला टाकेल.

आजीकडे बसायचं. घाई नाही करायची. तिला सन विचारला तर येणार नाही. तिला विचारा, आजी, दुष्काळ पडला तेव्हा ही जमीन कोण पेरत होतं? म्हणजे १९७२. नसबंदीला धरून न्यायचे तेव्हा? म्हणजे आणीबाणी. जव्हारचं संस्थान होतं का गेलं होतं? म्हणजे १९४८ च्या आधी का नंतर. तुझं लग्न त्याच्या आधी झालं का मागाहून? ती सांगेल, 'माझी थोरली पोटात होती तेव्हा त्याच्या बापाने तो वरचा बांध घातला, मी दगड वाहिले.' हे असंच्या असं लिहा. मग बांधाजवळ जा, मोजा, आंब्याचं झाड किती जुनं ते लिहा, वाघोबाचं ठाणं असेल तर तेही लिहा. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून कसतो आणि आजही कसतो, एवढं आपल्याला दाखवायचंय, आणि निदान दोन पुरावे जोडायचेत. बांध हा एक, आजी हा दुसरा.

आणि दंडाच्या पावत्या! फॉरेस्टवाल्यांनी वर्षानुवर्षं दंड केले, कोंबडी नेली ती वेगळी. काही बायांनी त्या पावत्या छपराच्या वाशात खोचून ठेवल्यात. धुराने काळ्या झाल्यात, तरी तारीख वाचता येते. ज्या कागदाने आपल्याला छळलं तोच आज सांगतो, की हा माणूस त्या साली त्या जागी होता. प्रत्येक घरात वासे तपासा. मूळ पावती अर्जाला लावायची नाही. झेरॉक्स लावायची.

मूळ कागदावरून माझी चूक सांगते. ही गोष्ट मला आवडत नाही, पण तुम्हाला कळली पाहिजे.

आमच्या बाजूच्या पाड्यावरची एक विधवा मावशी. उपविभागीय समितीकडून दावा नामंजूर झाल्याचं पत्र तिला आलं. तिने विश्वासाने माझ्याकडे दिलं. मी पिशवीत ठेवलं. मोर्चाची तयारी चालली होती, मग रोजगार हमीच्या मजुरीचं भांडण निघालं, मी त्यात. पिशवीतून फाईल, फाईलमधून ट्रंक. जिल्हा समितीकडे जायला साठ दिवस असतात. मी पत्र उघडलं तेव्हा साठावर अकरा दिवस झाले होते. मावशीने मधे दोनदा विचारलं होतं, "बाय, त्या कागदाचं काय?" मी म्हणाले, "बघते मावशी."

उशीर माफ करावा असा अर्ज जोडून आम्ही दाखल केलंय. माणसाला आपली बाजू मांडायची संधी दिल्याशिवाय निकाल द्यायचा नाही असं कलम ६ म्हणतं, त्यावर जोर दिलाय. अजून काही उत्तर नाही. तिची जमीन गेली तर बापाच्या जबाबावर ज्याने अंगठा घेतला त्याच्यात आणि माझ्यात किती फरक राहिला, हे मी रात्री मोजत असते.

तेव्हापासून आमच्या तालुक्यात नियम केलाय आणि तो तुमच्यावरही आहे. मूळ कागद मालकाच्या घरी. तुमच्याकडे फक्त झेरॉक्स. कागद आला त्या दिवशी वरच्या कोपऱ्यात आलेली तारीख आणि शेवटची तारीख पेन्सिलने लिहायची, आणि ती शेवटची तारीख त्या घराच्या भिंतीवर कोळशाने लिहायची. मग तुम्ही विसरलात तरी घर विसरत नाही.

कुठलाही अर्ज दोन प्रतींत. आपल्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख, आवक नंबर. "ठेवून जा, देतो नंतर" म्हणाले तर बाकावर बसून राहायचं. मुळीच देत नसतील तर पोस्टाने, पोचपावतीसह. दाव्याची पोच देणं वन हक्क समितीलाही बंधनकारक आहे, आणि ती समिती आपलीच असली तरी मागायची. मामाकडून पोच कशी मागू, असं नका म्हणू. पुढे काय झालं ते कळत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असेल तर तेही नाही, तीस दिवसांत उत्तर.

जबाब कोणाचाही असो, आधी मोठ्याने वाचून घ्यायचा. तुम्हाला आत सोडलं नाही, तर माणसाला घरून शिकवून पाठवा, "साहेब, आधी वाचून दाखवा, मग अंगठा." चार वेळा त्याच्याकडून म्हणून घ्या. पहिल्यांदा आवाज फुटत नाही. माझ्या बापाला हे कोणी शिकवलं नव्हतं.

मोजणीचंही बघा. पट्ट्यावर ०.४० लिहून येतं आणि लोक नाचतात, चाळीस मिळाले! अरे, ते शून्य हेक्टर चाळीस आर. एका एकराला थोडं कमीच. एक हेक्टर म्हणजे अडीच एकराला जरा कमी, दोन एकर एकोणीस गुंठे धरा. कायद्याची हद्द चार हेक्टर. चार एकर कसणाऱ्याला दहा गुंठ्यांचा कागद हातात देतात आणि फोटो काढतात. कागद घेताना नकार द्यायचा नाही, पण त्याच दिवशी उरलेल्या जमिनीसाठी अर्ज करायचा. आणि तपासणी पुरी होईपर्यंत कोणाला उठवता येत नाही, कलम ४(५). हे कलम पाठ पाहिजे, कारण गार्ड उन्हाळ्यात येतो आणि तेव्हा वही शोधायला वेळ नसतो.

आता त्या पोराच्या प्रश्नाचं उत्तर. नाही, नोकरी लागत नाही. कुठल्या संस्थेत मानधनावर घेतात कधीकधी, मिळालं तर जा, तिथे शिकलेलं इकडे आणा. संघटनेकडे पगार द्यायला पैसे नाहीत, हे आजच सांगते. एसटीचं भाडं आणि शिबिरात जेवण, एवढंच. मग होतं काय? हुशार पोरगा दोन वर्षांत कचेरीतले सगळे ओळखायला लागतो. एक जण येतो, म्हणतो, दादा माझा अर्ज लिही, हे घे पन्नास. मग शंभर. मग 'जमीन झाल्यावर बघू.' असे दोघे आमच्याच हातचे शिकलेले. आज तहसीलच्या बाहेर चहाच्या टपरीवर बसतात, आणि आपलेच लोक त्यांना साहेब म्हणतात. मी त्यांना शिव्या देत नाही. एकाच्या घरी आजारी आई आहे. पण दावा अडला तर त्याचा धंदा चालतो, हे खरंय.

म्हणून काल रात्री बैठकीत ठरलं ते असं. अर्ज लिहायचे पैसे नाहीत. झेरॉक्स, तिकीट, पोस्ट, खर्च झाला तेवढा, पावती दाखवून. बसभाडं ज्या पाड्याचं काम त्या पाड्याने वर्गणी काढून द्यायचं. आणि सुगीला दर घराने एक पायली भात कायदासाथीच्या घरी टाकायचा. काही पाड्यांनी हो म्हटलंय, काहींनी अजून नाही. हे कागदावर लिहून प्रत्येक पाड्याच्या समाजमंदिराच्या भिंतीवर लावायचं, म्हणजे मागणाऱ्यालाही कळेल आणि देणाऱ्यालाही. एका पायलीत घर चालत नाही, मला माहीत आहे. पावसाळ्यात स्वतःची शेती करा, कोर्ट-कचेरीचे दिवस आठवड्यातून दोनच ठेवा, आणि एका पाड्यावर एकटं राहू नका. दोघं ठेवा. त्यातली एक बाई. आजीकडून बांधाची गोष्ट बाईच काढून घेते, हे मी पैजेवर सांगते.

दुपारनंतर गट पाडलेत. सहा जण खालच्या पाड्यावर जातील, तिथे अकरा दाव्यांत बायकोचं नाव राहिलंय, ग्रामसभेच्या बैठकीत ते दुरुस्त करून घ्यायचंय. निदान निम्मी माणसं लागतात, तेव्हा आधी घरोघर जा. मागच्या रांगेतला तो पोरगा माझ्याबरोबर येईल. जिल्ह्याच्या ऑफिसात मावशीच्या अर्जाची चौकशी करायची आहे, बस पावणेचारला आहे. मावशीही येणार आहे. मूळ कागद तिच्याच पिशवीत आहेत.

जेवायला बोलावतायत. जिंदाबाद.