हवेतली साक्ष



गुरू ग्रहाकडे निघालेलं 'गॅलिलिओ' यान वेग वाढवून घेण्यासाठी ८ डिसेंबर १९९० रोजी पृथ्वीजवळून गेलं. खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठरवलं, की पृथ्वीबद्दल आपल्याला काहीच ठाऊक नाही असं धरायचं आणि इथे जीव आहेत का, ते यानाच्या उपकरणांनाच विचारायचं. उपकरणांना भरपूर ऑक्सिजन दिसला आणि त्याच्या सोबतीला मिथेन. मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो; परग्रहावर काय शोधायचं, ते त्याने शिकवलं.

नुसता ऑक्सिजन पुरावा होत नाही. अतिनील किरणांनी पाण्याची वाफ फुटली तरी तो तयार होतो. मिथेनही खडक आणि पाणी यांच्या रासायनिक क्रियेतून निघतो. पण दोन्ही एकत्र? ऑक्सिजन असलेल्या हवेत मिथेन साधारण दहा वर्षांत संपतो. आपल्याकडे तो टिकून आहे, कारण दलदलीतले, भातखाचरांतले, गाईगुरांच्या पोटातले सूक्ष्मजीव तो रोज नव्याने सोडतात. खर्च चालू आणि तरी शिल्लक कायम, म्हणजे कुणीतरी भरणा करतंय.

दूरचा ग्रह ताऱ्यासमोरून जाताना ताऱ्याचा थोडा प्रकाश ग्रहाच्या हवेतून गाळून येतो. प्रत्येक वायू त्यातल्या ठरावीक लहरी शोषतो, आणि त्यावरून तो इथून ओळखता येतो. सिंह तारकासमूहात, १२४ प्रकाशवर्षांवर, के२-१८ बी हा ग्रह आहे. जेम्स वेब अवकाश दुर्बिणीतून तिथे २०२३ मध्ये मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड सापडले. एप्रिल २०२५ मध्ये केंब्रिजच्या निक्कू मधुसूदन यांच्या गटाने डायमिथिल सल्फाइडची, किंवा त्याच्याच कुळातल्या दुसऱ्या वायूची, चाहूल लागल्याचं जाहीर केलं. पृथ्वीवर डायमिथिल सल्फाइड मुख्यतः समुद्रातल्या वनस्पतीप्लवकांमुळे हवेत येतो. बातमी जगभर गाजली. पण इतरांनी तीच मोजमापं पुन्हा तपासली, तेव्हा पुरावा तोकडा वाटला. शिवाय हाच रेणू ६७पी या धूमकेतूवरही आढळला आहे, आणि तिथे ना समुद्र, ना प्लवक.

यात मधुसूदन यांना दोष देऊ नये. दुर्बिणीचे आणखी १६ ते २४ तास मिळाल्याशिवाय खात्री देता येणार नाही, असं त्यांच्याच गटाने सांगितलं होतं. मथळ्यांनी तेवढं गाळलं.

अशी बातमी पुन्हा येईल. तेव्हा वायूच्या नावावर थांबू नका. त्याच्या जोडीला आणखी कोण आहे, आणि तो दुसऱ्या कुणाला दिसला का, एवढं जरूर विचारा.