तिसरा दगड तुम्ही

श्रोतेहो, मला पाच मिनिटं दिली आहेत आणि सांगायचं आहे एवढंच, की स्पीकरचे डबे भिंतीपासून पुढे ओढा. हे मी दोन-तीनदा सांगणार आहे. एकदा सांगून कुणी मनावर घेत नाही, हा माझा अनुभव.

आमच्या सुरतेजवळच्या पलसाण्यात, कडोदऱ्यात, चलथाणला तापी लाइनच्या गाडीनं आलेली खानदेशी घरं पुष्कळ. बारा-बारा तास लूमचा खडखडाट ऐकलेला माणूस दिवाळीच्या बोनसमधून हौसेनं चांगले स्पीकर आणतो. आणि ठेवतो कुठे? एक लोखंडी कपाटावर, दुसरा टीव्हीशेजारी कोपऱ्यात कोंबून. मग मला निरोप येतो, ‘भाऊ, आवाज घुमतोय, अ‍ॅम्प बदलू का?’ अरे बाबा, अ‍ॅम्पनं तुझं काय घोडं मारलंय?

गावाकडची तीन दगडांची चूल आठवा. दोन दगड म्हणजे दोन स्पीकर आणि तिसरा दगड म्हणजे तुम्ही. तिघं एकमेकांपासून सारख्या अंतरावर असले तरच वरचं पातेलं नीट बसतं. पातेलं कोणतं? तो गवई. तो डाव्या डब्यात नसतो, उजव्यातही नसतो, तरी बरोबर मधोमध बसून गाताना ऐकू येतो. डाव्या हाताला तबला, उजव्या हाताला पेटी, मागे तानपुरे. लंडनच्या अ‍ॅलन ब्लमलाइन या इंजिनिअरनं 1931 साली या किमयेच्या, म्हणजे स्टिरिओच्या, पेटंटसाठी अर्ज केला, पण त्याला तरी तुमचा तिसरा दगड कुठे ठाऊक होता! आवाज सेकंदाच्या हजाराव्या भागात फुटाहून जरासा जास्त जातो. कानाला तेवढा फरक पुरतो. तुम्ही फूटभर डावीकडे सरकलात की गवई उठून डाव्या डब्यात जाऊन बसलाच म्हणून समजा. पातेलं कलंडलं, रस्सा सांडला!

म्हणून सुतळी घ्या. आपली दहा बाय बाराची रूम. सुतळीनं सहा-सहा फुटांचा त्रिकोण मांडा. डबे मागच्या भिंतीपासून अडीच फूट पुढे, बाजूच्या भिंतींपासून दोन-दोन फूट. मागचं आणि बाजूचं अंतर मुद्दामच सारखं ठेवलेलं नाही. तुमच्या पाठीमागे चार फूट उरतात, तेही हवेत. भिंतीला डोकं टेकून ऐकायचं नाही. आपण सतरंजीवर बसणारी माणसं, तेव्हा डबा चार विटांवर चढवा, वरचा बारीक स्पीकर कानाच्या उंचीला आला पाहिजे. कपाटावर ठेवलात तर छताला गाणं ऐकवताय.

आता पुन्हा भिंत. चूल भिंतीला चिकटवून मांडली तर भिंत काळी होते ना? डबा चिकटवला की खर्ज, म्हणजे पोरं ज्याला बास म्हणतात तो, काळवंडतो. बारीक सूर समोर जातात, पण खर्ज चहूकडे पसरतो, मागच्या भिंतीवरून परततो आणि मूळ आवाजात मिसळतो. एका भिंतीपायी तो सहा डेसिबलपर्यंत फुगतो. कोपऱ्यात तर दोन भिंती! त्यातून बारा फुटांची खोली स्वतःच 47 हर्ट्झच्या आसपास घुमते. डबा कोपऱ्यात ठेवणं म्हणजे त्या जाळाला फुंकणी लावणं. म्हणून म्हणतो, पुढे ओढा.

एका घरी मला मोठ्या कौतुकानं दाखवलं, ‘भाऊ, चारी भिंतींना साड्या लावल्या.’ सुरतेकडे साडीला काय तोटा! पण पॉलिएस्टरची एकपदरी साडी खर्जाला काय अडवणार? वाऱ्याला तरी अडवते का ती? त्यापेक्षा आईनं शिवलेली जाड गोधडी बाजूच्या भिंतीला टांगा. भिंतीवरून उसळणारा बारीक कर्कशपणा ती शोषते. खर्ज मात्र गोधडीलाही जुमानत नाही. त्याची लाट कितीतरी फूट लांब, गोधडी बोटभर जाड. त्याला उपाय एकच, आणि तो आता तुम्हीच म्हणा.

वहिनी विचारतात, डबे खोलीच्या मधे आले तर पोरं झोपणार कुठे? रास्त आहे. फरशीवर रंगानं चार ठिपके द्या. ऐकताना डबे ठिपक्यांवर, झोपताना भिंतीला. मी काही चोवीस तासांचं म्हणत नाही.

गोधडी नेमकी कुठे टांगायची, त्याची आरशाची युक्ती सांगायची होती. कुणीतरी भिंतीवर आरसा सरकवायचा आणि तुम्ही जागेवर बसून बघायचं, आरशात डबा जिथे दिसेल तिथे... स्टुडिओच्या काचेआडून ‘आटपा’ म्हणणारा हात दिसतोय मला. वायरीचं तर राहिलंच. एकाच डब्याची लाल-काळी उलटी लागली, तर सुतळी कितीही नेमकी धरा, गवई मधे येत नाही आणि खर्ज... बरं, थांबतो.