हिरड्यांतलं रक्त आणि हृदयाचं आरोग्य



ब्रश करताना रक्त आलं, तर आपल्यापैकी किती जण डॉक्टरकडे जातात? बहुतेक जण ब्रश बदलतात, पेस्ट बदलतात, नाहीतर त्या बाजूला घासायचंच सोडून देतात. हातातून असं रोज रक्त आलं असतं, तर आपण गप्प बसलो असतो का?

निरोगी हिरडीतून सहसा रक्त येत नाही. दातांवर जिवाणूंचा चिकट थर साचून राहिला की हिरडी सुजते. या टप्प्यावर ती पूर्ण बरी होते. दुर्लक्ष केलं तर सूज खोल जाते, दाताला धरून ठेवणारं हाड झिजतं आणि दात हलू लागतो. फारसं दुखत नाही, म्हणून उशीर होतो.

याचा हृदयाशी काय संबंध? सुजलेल्या हिरडीतून जिवाणू रक्तात शिरतात. शरीरातला दाह वाढतो आणि सततचा दाह रक्तवाहिन्यांना घातक असतो. 1989 मध्ये फिनलंडमधल्या डॉक्टरांनी हार्ट अटॅक आलेल्या 100 रुग्णांचे दात तपासले. इतरांच्या तुलनेत त्यांची अवस्था वाईट निघाली. पुढे असे अनेक अभ्यास झाले. ते तपासून 2012 मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने सांगितलं की दोन आजारांत संबंध आहे, पण एकामुळे दुसरा होतो हे सिद्ध झालेलं नाही. तंबाखू आणि मधुमेह दोन्हींचा धोका वाढवतात. म्हणून 'दात साफ ठेवा, अटॅक टळेल' असा मेसेज आला तर पुढे पाठवू नका. बीपी, शुगर आणि तंबाखू यांकडे आधी बघायचं. हिरड्या त्यांच्या जोडीला.

आता इम्प्लांट. तो किडत नाही, म्हणून काळजी संपली असं घरात समजतात. पण त्याच्या भोवतीची हिरडीही सुजते, हाड झिजतं आणि हजारो रुपयांचा इम्प्लांट सैल होतो. आधी हिरड्यांचा आजार झालेल्यांना, सिगारेट ओढणाऱ्यांना, शुगर ताब्यात नसलेल्यांना हा धोका जास्त. इम्प्लांट बसवल्यावरही नियमित तपासणी हवीच.

घरच्या मोठ्यांसाठी दोन गोष्टी लक्षात ठेवा. हृदयात कृत्रिम झडप असेल, तर दात काढण्याआधी किंवा सफाईआधी दाताच्या डॉक्टरांना सांगा. आधी अँटिबायोटिक घ्यावी लागते. आणि स्टेंट बसवलेल्या अब्बूंची रक्त पातळ करणारी गोळी, दात काढायचाय म्हणून स्वतःच्या मनाने बंद करू नका. गोळी अचानक थांबली तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. निर्णय हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच.

दादी-नानी मिश्री लावत असतील, तर ती भाजलेली तंबाखूच आहे हे त्यांना प्रेमाने सांगा. तंबाखूमुळे हिरडीतलं रक्त कमी दिसतं आणि आजार लपून राहतो. मिस्वाक चांगली, पण दातांच्या फटीत ती पोचत नाही. तिथे धागा किंवा बारीक ब्रश लागतो. आणि सफाई केल्याने दात हलतात, हा गैरसमज आहे. आधीच झिजलेलं हाड किटणाने झाकलेलं असतं, ते निघालं की खरं काय ते कळतं.

आज घरी गेल्यावर अम्मी-अब्बूंना एकच विचारा: ब्रश करताना रक्त येतं का? 'हो' म्हणाले, तर या आठवड्यातच त्यांना दवाखान्यात घेऊन जा. आणि स्वतःचंही बघून घ्या.